डब्यांचा कारखाना

त्याची माझी पहिली भेट भांडणात झाली, आणि भांडायला मीच गेले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आत्या सांगेल. आणि आत्याच्या सांगण्यात मी कात्री घेऊन त्याच्या अंगावर धावून गेले, असं येतं. कात्री हातात नव्हती हो! कात्री हे माझं नाव. शाळेच्या दाखल्यावर दुसरं गोड नाव आहे, पण ते बिचारं दाखल्यावरच राहिलं. पत्रेकाम करणाऱ्याची मुलगी, त्यात जीभ ही अशी… गल्लीनं दुसरं काय नाव ठेवायचं?

बाबांचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच. डबे, पेट्या, नरसाळी, झारी, धान्याच्या कोठ्या, पत्र्याचं म्हणाल ते. दिवसभर ठकठक चाललेली. आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही, ते त्यामुळेच. तर त्या सकाळी शेजारचे शिंपीकाका दुकानाच्या फळीवर बसले आणि म्हणाले, "ऐकलंत का? गावाबाहेरच्या माळावर डब्यांचा कारखाना येतोय. केवढा तरी मोठा!"

बाबांची हातोडी हवेतच राहिली.

"डब्यांचा? यंत्रावर?"

"यंत्रावरच. काही साधे, काही गारेगार राहणारे."

"डबा… गार राहणारा?" बाबांनी हातोडी खाली ठेवली. मग समोरच्या फळीवर एकात एक घालून ठेवलेल्या आपल्या डब्यांकडे ते बघत बसले. दुपारी जेवले नाहीत. आत्यानं विचारलं तर म्हणाले, "आता माझ्या हातचा डबा कोण घेणार गं?" बाबांचा आवाज असा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मला ते सहनच झालं नाही. पायात चपला सरकवल्या आणि तडक माळ गाठला.

माळावर तेव्हा काहीच नव्हतं. कमरेइतकं वाळलेलं गवत, वर भलंमोठं आभाळ, आणि मध्ये तिवईवर ठेवलेल्या दुर्बिणीला डोळा लावून वाकलेला एकच माणूस. दूरवर दुसरा एकजण रंगवलेली काठी धरून उभा होता. ऊन असं पसरलेलं, की सगळं जरा झोपेतलं वाटावं. पण मी कसली झोपेत! मी सरळ दुर्बिणीच्या समोर जाऊन उभी राहिले.

"बाजूला व्हा जरा," डोळा न काढता तो म्हणाला.

"नाही होत."

"अहो, मला काठी दिसत नाहीये."

"मी दिसतेय ना?"

"नाही. फार जवळ आहात. नुसता निळा रंग दिसतोय… धुक्यासारखा."

माझी ओढणी निळी होती. मी ती उगाचच सावरली. "डब्यांचा कारखाना इथेच होणार ना?"

"हो. तुम्ही उभ्या आहात ना, तिथे बरोबर दरवाजा येईल."

"आणि रोज किती डबे काढणार?"

"सगळं सुरळीत चाललं तर दिवसाला एक."

"एक?" मला हसूच आलं. "माझे बाबा एकटे दिवसाला वीस काढतात."

आता मात्र तो सरळ उभा राहिला. उन्हानं रापलेला चेहरा, आणि दुर्बिणीला लावून लावून एका डोळ्याभोवती उमटलेला गोल वळ. "एकटे?"

"एकटे. हातानं. कधीमधी मी असते मदतीला."

"कुठे?"

"दुकानात."

"केवढं आहे दुकान?"

"दोन खाटा मावतील एवढं."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "आणि काढलेले डबे… ठेवता कुठे?"

"फळीवर. एकात एक घालून."

"एकात एक," तो पुटपुटला, आणि माझ्याकडे असं बघत राहिला, की मला वाटलं याला ऊन लागलं.

"ते राहू द्या. तुमच्या एका डब्यात किती मावणार ते सांगा. किती किलो?"

"किलोचं नाही सांगता येणार. पण माणसं सत्तर-ऐंशी बसतील. ऐसपैस."

वारा आला, गवत एका बाजूला झुकलं. माझ्या डोक्यात काहीतरी हळूहळू वर येत होतं आणि ते येऊ नये असं मला फार वाटत होतं. "आगगाडीचे…?"

"आगगाडीचे," तो म्हणाला, आणि मग जे हसू फुटलं त्याला! पोट धरून गवतातच बसला. मी तोंड रागावल्यासारखं करून पाहिलं, जमलं नाही. शेवटी मीही बसले. काठीवाला बिचारा लांबून बघत होता, साहेबांना झालंय काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. बाबांना पटवायला. बाबांना काही केल्या पटेना, तेव्हा त्यानं फळीवरची एक लांबट पेटी खाली घेतली, आडवी ठेवली, आणि खडूनं तिच्यावर ओळीनं खिडक्या काढल्या. "हे असं. फक्त मोठं. खाली चाकं."

बाबांनी पेटी चारी बाजूंनी निरखली. "म्हणजे ही पेटीच झाली की!"

"पेटीच."

"मग पेटी म्हणा ना! डबा काय म्हणता? उगीच माणसाच्या जिवाला घोर." आणि बाबांनी हुश्श केलं, आत्याला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि ठकठक पुन्हा सुरू झाली.

त्या दिवसापासून गल्लीनं त्याचंही बारसं केलं — दुर्बीण. 'ती बघा दुर्बीण आली', 'आज दुर्बिणीनं दाढी केलेली दिसते'. तो येतही होता फार. आधी एक पत्र्याचा डबा नेला. मग नरसाळं. मग कंदिलाचं बूड बदलून घेतलं, मग आणखी एक नरसाळं. पाचव्या-सहाव्या फेरीला मी विचारलं, "आज काय?"

"झारी."

"झाडं आहेत का तुमच्याकडे?"

"नाहीत."

"मग लावणार आहात?"

"छे, लावून काय करू? फुलं येईपर्यंत मी इथे नसेन." त्यानं ते अगदी सहज म्हटलं. हसत. "आमचं असंच असतं. शेड उभी राहिली, रूळ टाकून झाले, की तंबू उचलायचा आणि पुढचं काम."

मी झारीचं तोंड कापत होते. कात्री जरा तिरकी गेली. माझी कात्री तिरकी जात नाही. "मग झारी कशाला हवी?" मी खाली मान घालूनच विचारलं.

"तुम्ही बनवताना बघायला बरं वाटतं," तो म्हणाला. मागे आत्या पिठाचा डबा झाकत होती. तिनं झाकण इतक्या जोरात आपटलं की आम्ही दोघं दचकलो. नंतर रात्रभर… नको, ते सांगत नाही. एवढंच सांगते की त्या रात्री झोप जरा उशिराच लागली.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "चला, कारखाना दाखवतो."

"उभा कुठे राहिलाय अजून?"

"म्हणून तर आत्ताच बघायचा. नंतर काय, कुणीही बघेल."

माळावरचं गवत काढून जमीन सपाट केली होती, आणि तिच्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघाच रेघा. सूर्य कलला होता. रेघा थोड्या सोनेरी दिसत होत्या. मी चालायला लागले तर मागून ओरडला, "अहो! भिंतीतून कशा चालल्यात? दार इकडे आहे!"

मी हसत मागे फिरले आणि दारातून आत आले. आत येताना मान जरा खाली घातली.

"उंच आहे दार," तो म्हणाला. "आगगाडी जाते त्यातून."

मग त्यानं मला सगळा कारखाना हिंडवला. इथे नुसते पत्रे येतील. इथे सांगाडा उभा राहील. इथे छत चढेल, ही खोली रंगाची, हिला दारं घट्ट, धूळ नको म्हणून. मी प्रत्येक दारातून वळसा घालून जात होते, त्याच्या मागे मागे, आणि खरं सांगते, मला भिंती दिसायला लागल्या होत्या. वर छप्पर दिसत होतं. आमच्या पावलांचा आवाज घुमतोय असंसुद्धा वाटलं.

"आणि या कोपऱ्यात काय?"

"इथे चहा."

"सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगता होय!"

तो हसला. मग एका लांब रेघेपाशी थांबला. "इथे जोडकामवाले उभे राहतील. वेल्डर. गावातलेच घेणार आहेत, शिकवून. कारखान्याचे साहेब म्हणत होते, मुलगे-मुली दोन्ही. हात स्थिर हवा, बाकी काही नाही."

लहानपणापासून मी पत्र्याच्या कडा झाळत आलेय. तापलेलं कथील कडेवरून एका रेषेत ओढत न्यायचं, मध्ये थांबायचं नाही, घाई करायची नाही. बाबा म्हणायचे, ही झोपेतसुद्धा सरळ ओढेल. पण ते दुकानात. दोन खाटांच्या दुकानात.

"तुमचा हात कसा आहे?" त्यानं विचारलं.

मी हात पुढे केला. तो चक्क कापत होता.

"एरवी नाही कापत," मी म्हणाले. "आत्ता तुम्ही बघताय म्हणून…" आणि मग जीभ चावली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. तो त्या पांढऱ्या रेघेकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

मी नाव दिलं. परीक्षा झाली. दोन लोखंडी पट्ट्या जोडायच्या होत्या. पहिल्याच ठिणगीला निम्म्या जणांनी डोळे मिटले, मी नाही मिटले. पहिल्या तुकडीत माझी निवड झाली. बाबांना सांगितलं तर ते नुसतं फडक्यानं हात पुसत राहिले. मग गल्लीत जाऊन शिंपीकाकांना, किराणावाल्याला, रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी बाईलाही सांगून आले. "माझी मुलगी आगगाडी बनवणार!" आत्या म्हणाली, "आधी स्वतःचं अंथरूण घडी करायला शिकव तिला." पण पदरानं डोळे पुसले, मी पाहिलं. आमच्या घरात दुकान सोडून बाहेर कामाला जाणारी मी पहिलीच. पहिला पगार, पहिला गणवेश, खिशावर शिवलेलं नाव. सकाळी आरशासमोर उभी राहिले की माझं मलाच हसू यायचं.

आणि रोज सकाळी माळावर थोडं जास्त काही उभं असायचं. आधी खांब. मग खांबांवर आडव्या तुळया. मग एके दिवशी अर्धं छप्पर. आम्ही शिकाऊ मंडळी जवळच्या लहान शेडमध्ये ठिणग्या उडवत असायचो, आणि तो दुर्बीण घेऊन बाहेर रूळ सरळ आलेत का ते बघत असायचा. सुट्टीत आम्ही नव्या छपराखाली बसायचो. तो कुठे कुठे राहिला ते सांगायचा. त्याचे वडीलही हेच काम करायचे. मूळ गाव असं नाहीच. शाळा इतक्या बदलल्या की वर्गात कुणाशी मैत्री करायचं त्यानं सोडूनच दिलं होतं.

"वाईट नाही वाटत?"

"कशाचं? सवय झालीय." मग जरा थांबून, "अलीकडे वाटतं. थोडं."

एका दुपारी अवेळी भुरभुर आली. नव्या पत्र्यांवर थेंब टपटपायला लागले. आधी एकदोन, मग सगळीकडून, आणि एवढ्या मोठ्या रिकाम्या शेडमध्ये तो आवाज असा भरला, की बोलायचं तर जवळ यावं लागे. आम्ही आलो. माझ्या मनगटावर ठिणगी पडून छोटा डाग उठला होता, तो त्याला दिसला.

"हे कधी?"

"सकाळी."

"दाखवा." त्यानं मनगट हलकेच हातात घेतलं, आणि त्यावर फुंकर घातली. "दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"तुम्ही फुंकर घालताय तोवर नाही."

त्यानं वर पाहिलं. भुरभुर थांबत आली होती, उन्हाची एक तिरीप आत शिरली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती, अगदी निवांत. तो काहीतरी बोलणार होता… ओठ हलले होते. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी हात सोडवून पळाले, आणि दिवसभर माझे सांधे इतके सुरेख आले की शिकवणारे काका म्हणाले, आज काय खाऊन आलीस?

मग आत्यानं ती बातमी आणली. आत्या बाजारातून भाजीपेक्षा बातम्याच जास्त आणते.

"तुझी दुर्बीण चालली म्हणे."

"माझी काय? आणि कुठे चालली?"

"कुठेतरी लांब. खाडीवर पूल बांधायचाय. या महिनाअखेर तंबू उठणार, सगळ्या गावाला माहीत आहे." मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि भाजीची पिशवी खाली ठेवली. "तुला नाही सांगितलं त्यानं?"

नव्हतं सांगितलं. संध्याकाळी रुळांच्या कडेनं चालत गेले तर तो खडीच्या ढिगावर बसला होता.

"पूल छान असेल नाही?" मी म्हणाले.

तो एकदम उठला. "मी सांगणारच होतो. रोज ठरवून यायचो. तुम्ही समोर आलात की… विषयच बदलायचा."

"विषय तुम्ही बदलायचात."

"हो. मीच." मग त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि घाईघाईनं, धडा पाठ म्हणावा तसं म्हणाला, "माझ्याबरोबर चला. म्हणजे… लग्न करून. मी तुमच्या बाबांना विचारतो. तिकडे पाणी आहे, नावा आहेत. तुम्हाला आवडेल."

किती वाट पाहिली होती मी त्या शब्दांची! आणि आले ते असे. माझ्या अंगात गणवेश होता. खिशावर नाव होतं. माझ्यामागे, थोड्या अंतरावर, पहिल्या डब्याचा सांगाडा उभा होता आणि त्याच्या एका कडेला मी जोडलेला सांधा होता.

"मला विचारायच्या आधी बाबांना विचारा," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून. आणि तो खरंच गेला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि हातोडी न थांबवता म्हणाले, "माझी मुलगी म्हणजे भरलेला डबा नाही, उचलला आणि निघालं. तिला विचारा. ती जाते म्हणाली तर माझी ना नाही. राहते म्हणाली तरीही ना नाही."

मग मीच सांगितलं. गल्लीच्या कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबाखाली. "मी नाही येणार. हे काम मला मिळालंय. मला. ते सोडलं तर मी तुमच्याबरोबर असेन, पण रोज तुमच्यावर चिडलेली असेन."

तो मान हलवत राहिला. "कळतंय," म्हणाला. "खरंच कळतंय."

"कारखान्यात रुळांची देखभाल करायला माणूस हवाय म्हणे." मी हे शक्य तितकं सहज म्हटलं.

"हो. साहेबांनी विचारलं होतं मला. मी नको म्हटलं." तो बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "भीती वाटते. एका जागी राहायचं म्हणजे नक्की काय करायचं, तेच मला माहीत नाही. काम संपल्यावरही कुणाला आपण हवे असतो… असं माझ्या बाबतीत कधी झालंच नाही."

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं. पण मी कात्री! मनात म्हटलं, ज्याला राहायचं असतं तो राहतो. मी का गळ घालू? आणि वळून घरी आले.

मग तो दुकानात यायचा बंद झाला. बाबा मधूनच रस्त्याकडे बघायचे. मी जेवणात मीठ जास्त टाकलं, एकदा तर टाकलंच नाही. शेवटी आत्याचा संयम सुटला. "अगं, कोंडून कोंडून फुटशील! त्यानं तरी निदान तोंड उघडलं. तू काय केलंस? 'येणार नाही' म्हणालीस. 'राहा' म्हणालीस का?"

"त्याला कळायला नको?"

"कसं कळणार? तुझ्या मनात काय चाललंय ते काय दुर्बिणीतून दिसतं?"

मी ताट उचललं आणि मोरीत गेले. तिथे नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

आणि तो दिवस आला. बाहेर तंबू उतरवत होते, ट्रकवर सामान चढत होतं. आत आम्ही पहिल्या डब्याची शेवटची बाजू जोडत होतो. दुपार उतरणीला लागली होती, उंच खिडक्यांतून उन्हाचे लांब पट्टे खाली आले होते आणि शेडभर निळसर धूर तरंगत होता. सगळं अगदी खरं होतं आणि तरी स्वप्नातलं वाटत होतं. मी वेल्डिंगचा मुखवटा सकाळपासून वर केला नव्हता.

मुखवट्याच्या खालून, फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्यापाशी बूट दिसले. त्याचे. खडीची पांढरी धूळ बसलेले.

"निघतो," तो म्हणाला.

"बरं."

"हात सांभाळा."

"सांभाळते."

"बाबांना नमस्कार सांगा. आत्यांनाही."

"सांगते."

मग तो हळूच म्हणाला, "चेहरा तरी दाखवा."

"काम चालू आहे."

"कात्रीबाई… मशीन बंद आहे."

बंदच होतं. मुखवट्याच्या आत माझा चेहरा भिजून चिंब झाला होता, नाक गळत होतं, असला अवतार मी त्याला दाखवणार? मी मानेनंच नाही म्हटलं. तो आणखी क्षणभर थांबला, आणि वळला.

शेड लांब आहे. त्याच्या पावलांचा आवाज घुमत होता, पुढे पुढे जात होता. वाटलं, वळून बघेल. नाही बघितलं. दाराच्या चौकटीत उजेड होता, तो त्या उजेडात शिरायला लागला आणि काळी आकृती झाला. माझ्या हाताला अशी कळ आली, की जणू हातातलं काहीतरी सुटून चाललंय. कसला मान नि कसली कात्री! मी मुखवटा वर फेकला आणि होतं नव्हतं तेवढं सगळं बळ लावून ओरडले,

"थांब!"

थांबा नाही. थांब. इतके दिवस अहो-जाहो केलेल्या माणसाला, सगळ्या तुकडीसमोर. शेडनं तो शब्द उचलला आणि छपराला लावून परत माझ्याकडे आणला. सगळ्यांच्या ठिणग्या एकेक करून विझल्या.

तो थांबला होता. वळला. "काय म्हणालात?"

"थांब म्हणाले."

"कुणाला?"

"तुला!" आता काय लपवायचं होतं? मी चालत सुटले, हातमोजे काढत, नाक पुसत. "तू राहा. कामासाठी नाही. रुळांसाठी नाही. मला हवा आहेस म्हणून राहा. मला तू आवडतोस… फार आवडतोस. त्या पहिल्या दिवशी गवतात बसून हसत होतास ना, तेव्हापासूनच. मी सांगितलं नाही, चुकलं माझं. आता सांगतेय."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या रापलेल्या गालांवरून पाणी येत होतं, ते त्यानं पुसलंसुद्धा नाही.

"मला जमेल का गं?" त्यानं विचारलं. "एका जागी?"

गं म्हणाला.

"मला तरी कुठे माहीत आहे? करून बघू. दोघांनी."

पुन्हा हॉर्न. लांबच लांब. तो वळला आणि पळत बाहेर गेला. मी उभीच. शिकवणारे काका जवळ येऊन शेजारी उभे राहिले. बाहेर माणसांचे आवाज, कुणीतरी हसलं, मग ट्रक सुरू झाला. तो आवाज रस्त्यावर गेला, लहान झाला, आणि ऐकू येईनासा झाला. त्या वेळात मी किती वेळा मेले ते मलाच ठाऊक.

मग दारात तो दिसला. खांद्यावर पिशवी, काखेत गुंडाळलेलं अंथरूण.

"गाडी गेली," तो म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? साहेबांना विचारतो, ती जागा अजून आहे का."

"आणि नसली तर?"

"तर तुझ्या बाबांकडे पत्रा धरायला बसतो."

"बाबा पगार देत नाहीत कुणाला."

"जेवायला तर घालतील?"

"घालतील. पण आत्याचं बोलणंही ऐकावं लागेल."

"ऐकेन," तो म्हणाला, आणि पिशवी खाली ठेवली. तुकडीतल्या कुणीतरी शिट्टी वाजवली, मग सगळेच ओरडायला लागले. काकांनी हातातला हातमोजा झटकला आणि म्हणाले, "पुरे! डबा आज पुरा व्हायचाय."

मी पुन्हा माझ्या जागी गेले. तो पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे आपल्या अंथरुणावर बसला, मांडी घालून, जणू इथेच लहानाचा मोठा झाला होता. मी मुखवटा खाली घेतला आणि मशीन सुरू केलं. खरं सांगते, तो सांधा काही सरळ आला नाही. तपासणीवाल्यांनी बोट फिरवलं, मान हलवली, आणि काढून पुन्हा करायला लावला. मी पुन्हा केला. उजेड कमी होईपर्यंत वेळ लागला, तरी तो तिथेच बसून होता.